डच शब्द उजवीकडून उलगडा

नेदरलँड्समध्ये नोकरीच्या किंवा विम्याच्या कागदांवर ‘आर्बैट्सऑनखस्खिक्टहैट्सफरझेकरिंग’ असा मालगाडीएवढा शब्द भेटतो. (डचमधलं ‘जी’ हे अक्षर घशातून खरवडून येतं, म्हणून इथं ‘ख’ लिहिलं आहे.) तो डावीकडून वाचायला घेतलात तर दम लागेल. शेवटचा डबा आधी पकडा: फरझेकरिंग, म्हणजे विमा. कसला? आर्बैट म्हणजे काम, ऑन म्हणजे आपला नकारार्थी ‘अ’, खस्खिक्ट म्हणजे योग्य आणि हैट म्हणजे ‘पणा’. मध्ये दोनदा आलेला ‘स’ नुसता सांधा आहे, त्याला अर्थ नाही. काम करण्याची क्षमता गेली तर आधार देणारा विमा, एवढंच.

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण हा आपला तत्पुरुषच आहे. ‘देव’ पुल्लिंगी असला तरी आपण ‘ते देवघर’ म्हणतो, कारण लिंग शेवटच्या पदाचं. डचमध्ये नामाआधी इंग्रजी ‘द’सारखं एक उपपद लागतं; लिंगानुसार ते ‘द’ असतं किंवा ‘हेट’. यातलं कोणतं, हेही शेवटचं पदच ठरवतं. क्योकन म्हणजे स्वयंपाकघर. त्याचं दार ते ‘द क्योकनद्योर’, पण खिडकी मात्र ‘हेट क्योकनराम’. (हो, डचमध्ये खिडकीला राम म्हणतात.) त्यामुळे पाठ करायचं ते सुट्या शब्दाचं लिंग, जोडशब्दाचं नव्हे.

लिंग ओळखायला उपसर्गही मदत करतात. ब-, ख-, फर-, ऑन्ट- यांनी सुरू होणारी दोन सिलॅबलची नामं बहुधा ‘हेट’ असतात: हेट बखिन (सुरुवात), हेट ऑन्टबैट (न्याहारी), हेट फरब्लैफ (वास्तव्य). ‘द फरकोप’ (विक्री) हा अपवाद. ‘-इंग’ प्रत्ययाची नामं ‘द’. म्हणून राहण्याचा परवाना ‘द फरब्लैफ्सफरखुनिंग’ होतो. पहिलं पद ‘हेट’चं असूनही.

खरी गंमत क्रियापदांत आहे. आहार, विहार, संहार यांत उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो, तसंच ‘स्प्रेकन’चं (बोलणं). बस्प्रेकन म्हणजे चर्चा करणं, अफ्स्प्रेकन म्हणजे भेट ठरवणं, तेखनस्प्रेकन म्हणजे उलट बोलणं, आउट्स्प्रेकन म्हणजे उच्चारणं. डॉक्टरांकडे जायला लागते ती ‘अफ्स्प्राक’ यातलीच.

पण डचमधले काही उपसर्ग वाक्यात क्रियापदाचा हात सोडून शेवटाला जाऊन बसतात. ‘इक फ्राख मॉर्खन अन फरखुनिंग आन’ या वाक्यात नवखा माणूस शब्दकोशात ‘फ्राखन’ शोधतो. त्याला ‘विचारणं’ हा अर्थ सापडतो आणि वाक्याचा काही मेळ लागत नाही. टोकाचा ‘आन’ उचलून पुढे लावायचा: आनफ्राखन, म्हणजे अर्ज करणं. उद्या परवान्यासाठी अर्ज करतोय, असं ते वाक्य आहे. त्यामुळे क्रियापद पाहण्याआधी वाक्याचं शेपूट पाहायची सवय लावा.

कोणता उपसर्ग सुटतो हे कानाला कळतं. आघात (उच्चारातला जोर) उपसर्गावर असेल तर तो सुटतो आणि भूतकाळी कृदंताचा (‘केलेला’सारख्या रूपाचा) ‘ख’ मध्ये घुसतो: ऑपबेलन (फोन करणं), ऑपखबेल्ट. ब-, फर-, ऑन्ट- यांच्यावर आघात नसतो. ते सुटत नाहीत आणि ‘ख’ही घेत नाहीत. बतालन (पैसे देणं) याचं रूप बताल्ट. ‘खबताल्ट’ ही नवशिक्यांची हमखास चूक. फोर, ओफर, ऑन्डर, दोर मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. ‘फोरकोमन’मध्ये फोरवर जोर दिला तर अर्थ ‘घडणं’, ‘को’वर दिला तर ‘घडू न देणं’. लेखी एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलटे. म्हणून शब्द पाठ करताना वहीत आघाताची खूण करा.

सांध्यांचे नियम थोडे चिडवणारे आहेत. 1995च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर पननकूक (पॅनकेक) या शब्दात मध्ये जादा ‘एन’ हे अक्षर लिहितात. पहिल्या नामाचं अनेकवचन फक्त ‘-en’ हा प्रत्यय लावून होत असेल तर तो येतो. ख्रून्त (भाजी) या शब्दाचं ‘एस’नंही होतं, म्हणून ख्रून्तसूपमध्ये तो नाही. सूर्य एकच असल्यामुळे झॉनस्खैन (ऊन) या शब्दातही नाही. बोलताना हा ‘एन’ बहुतेकांच्या तोंडून गळतोच, तेव्हा काळजी फक्त लिहिताना.

तुकडा चुकीच्या जागी पाडला तर घोळ होतो. ‘फल्काउल’ म्हणजे फल अधिक काउल, सापळ्याचा खड्डा. फल्क अधिक आउल असं तोडलंत तर ससाणा आणि घुबड हाती येतील. इंग्रजीच्या सवयीनं मध्ये जागा सोडणं त्याहून वाईट. ‘रोदवैनख्लास’ सलग लिहिलं तर तो रेड वाइनसाठीचा ग्लास. ‘रोद’ सुटं केलंत तर ग्लासच लाल.