यूकेत नर्सिंग शिकताना ‘फिटनेस टू प्रॅक्टिस’चं पत्र आलं तर

इंग्लंडला नर्सिंगसाठी निघालेल्यांना व्हिसा, घरभाडं, थंडी याबद्दल सांगणारे खूप भेटतात. ‘फिटनेस टू प्रॅक्टिस’बद्दल, म्हणजे विद्यार्थी नर्सच्या कामासाठी योग्य आहे का हे तपासणाऱ्या चौकशीबद्दल, फारसं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

विद्यार्थी असेपर्यंत आपलं नाव नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरवर नसतं. त्यामुळे तक्रार आली की चौकशी विद्यापीठच करतं. तक्रार वॉर्डातून येते, ट्यूटरकडून येते, कधी पोलिसांकडूनही. पेशंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं, असाइनमेंटमधली कॉपी, दारू पिऊन गाडी चालवणं, सगळं यात मोडतं. आजारपणाला घाबरू नका. ते वेळेवर सांगितलं तर बहुतेकदा मदतच मिळते. लपवून ड्यूटी केली की प्रकरण वाढतं.

तासांच्या बाबतीत विशेष जपा. रजिस्ट्रेशनसाठी 2300 तासांची प्रॅक्टिस लागते आणि टाइमशीटवर प्रत्येक शिफ्टची सही. माझी एक मैत्रीण शिफ्ट अर्धवट सोडून निघाली, तास पूर्ण लिहिले आणि सुपरवायझरची सही स्वतःच केली. सुनावणीला मी तिच्यासोबत बसले होते. तासांचा विषय लवकर आटोपला. मग पॅनेलवरच्या नर्सने विचारलं, “एखाद्या पेशंटचा डोस द्यायचा राहिला असता, तर चार्टवर काय लिहिलं असतंस?” मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजपर्यंत मी याला फक्त हजेरी समजत होते.” माझ्या मते ती त्या वाक्यावर वाचली. फायनल वॉर्निंग आणि अटी लागल्या, पण कोर्स राहिला. झालं ते झालंच. आज हिच्या हाती पेशंट सोपवता येईल का, हे पॅनेल बघत असतं. म्हणून लेखी निवेदनात सबबी देत बसू नका, आणि नेटवरचा मसुदा तर मुळीच उचलू नका.

पत्र आलं की त्याच दिवशी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. सल्ला फुकट असतो. आपल्याविरुद्धचे सगळे कागद मागून घ्या. इथे कोर्टातल्या फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरे होतं. निकाल ‘काही नाही’पासून थेट कोर्समधून काढण्यापर्यंत काहीही लागू शकतो.

निकाल पटला नाही तर आधी विद्यापीठातच अपील करायचं. तिथलं सगळं संपल्यावर ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र मिळतं. ते जपून ठेवा. त्यापासून 12 महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटरकडे, म्हणजे विद्यापीठांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, मोफत तक्रार करता येते. निलंबन झालं तर व्हिसावरही परिणाम होऊ शकतो, तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला लगेच गाठा आणि घरीही सांगून ठेवा.