जुन्या मर्सिडीजचा मूळ रंग कसा शोधायचा

इथे जर्मनीत, मर्सिडीजच्या कारखान्याच्या सिंडेलफिंगेन गावात, कुणा मराठी माणसाला जुनी मर्सिडीज घ्यायची असली की मला सोबत नेतात, कारण माझी नोकरी गाड्यांच्या रंगाची. गाडी बहुतेक वेळा डब्ल्यू १२३ या मॉडेलची असते, म्हणजे १९७६ ते १९८५ या काळातली. गंज, इंजिन, गिअर हे सगळे नीट बघतात. रंगाबद्दल मात्र एकच प्रश्न येतो: "गाडी छान आहे हो, पण हा शेवाळी हिरवा काढून चंदेरी करता येईल ना?" करता येईल. पण त्याआधी पुढचा तपास करा.

बॉनेट उघडा. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर एक छोटी पाटी असते, तिच्यावर तीन आकडी रंगक्रमांक असतो. ६२३ म्हणजे फिकट हस्तिदंती, ६१८ मिमोसाच्या फुलांचा पिवळा, ४८० मँगनीज तपकिरी, ८७६ सायप्रस हिरवा. पुढून ठोकलेल्या गाडीत ती पट्टीच बदललेली असू शकते. अशा वेळी ‘डाटेनकार्टे’ मागवा. कारखान्यातल्या नोंदीचा हा उतारा मालकीचा पुरावा दाखवला की मर्सिडीजकडून मिळतो. त्यात आसनांच्या कापडाचा क्रमांकही असतो, तोही वाचा. पहिल्या गिऱ्हाईकाने बाहेरचा आणि आतला रंग एकत्र ठरवलेला असतो. खजुरी आसनं हिरव्या गाडीत खुलतात. तीच गाडी चंदेरी केली की आतलं सगळं उपरं दिसायला लागतं.

पाटीवर ६२३ असेल तर जरा थांबा. पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला हा हस्तिदंती रंग सक्तीचा झाला, त्याआधी टॅक्सी काळ्या असत. टॅक्सीचं आयुष्य संपलं की कित्येक गाड्या निळ्या किंवा पांढऱ्या रंगवून विकल्या गेल्या. त्यामुळे बाहेरून निळी आणि दाराच्या बिजागरीपाशी हस्तिदंती अशी गाडी दिसली, तर मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. छपरावर पाटीसाठी बुजवलेली भोकं आहेत का, तेही चाचपून बघा. अर्थात हा रंग हौसेने घेणारे खाजगी गिऱ्हाईकही होते, म्हणून नुसत्या रंगावरून गाडी टॅक्सी ठरवू नका.

आता मूळ रंग किती उरलाय ते बघायचं. डिकीचं अस्तर उचला, दारांचं रबरी बीडिंग हलकेच ओढा, पेट्रोलचं झाकण उघडा, मागची सीट काढून खाली बघा. या जागांना ऊन लागत नाही, म्हणून खरा रंग इथेच भेटतो. मग जाडी मोजायचं यंत्र फिरवा. कारखान्याचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. २५० च्या पुढे गेला तर वरून पुन्हा रंगवलंय. ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे, आणि लांबीखाली बहुतेक गंज. एका पत्र्यावर एकाच ठिकाणी मोजून उपयोग नाही; चाकांच्या कमानी आणि दारांची खालची कड कधी सोडू नका.

रंग एकेरी आहे का, हे पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासलं की कळतं. फडक्यावर रंग उतरला तर तो साधा एकेरी रंग, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नाही. ही आनंदाची बातमी आहे. मेलेला, पांढुरका पडलेला पिवळा किंवा लाल अशा वेळी नुसत्या पॉलिशने पुष्कळदा जिवंत होतो आणि रंगवायचा खर्चच वाचतो. मेटॅलिकवर मात्र क्लिअर असतो. तो सोलपटायला लागला की पॉलिशने काही होत नाही.

मूळ रंग नावडता निघाला तर काय करायचं? माझं मत पक्कं आहे: तो ठेवा. सत्तरच्या दशकात तपकिरी, मोहरी, ऑलिव्ह हे झोकात राहणाऱ्या लोकांचे रंग होते. दोन हजार सालाच्या आसपास जर्मनीत जिकडेतिकडे चंदेरी झालं, पुढे काळं, करडं, पांढरं. यात आवडीइतकाच हिशोबही होता. कंपनीच्या किंवा लीजच्या गाडीचा रंग निवडताना पुढचा गिऱ्हाईक नाक मुरडणार नाही ना, हेच बघितलं जातं. त्या वर्षांत तपकिरी डब्ल्यू १२३ कडे कुणी वळून बघत नव्हतं, आणि आज विकणारे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत रंगाचं नाव घालतात. पोर्श ९६४ चा गुलाबीकडे झुकणारा ‘स्टर्नरुबिन’ नवा होता तेव्हा अनेकांना भडक वाटायचा; आता संग्राहक मुद्दाम तोच शोधतात.

पण म्हणून चंदेरी जन्मलेली गाडी मोहरी रंगवू नका. तीही तितकीच खोटी, आणि जाणकार बीडिंग ओढून क्षणात ओळखतो.

अपवाद एकच मानतो: नंतरचा रंग हाच गाडीचा इतिहास झाला असेल तर. जॅनिस जॉप्लिन या गायिकेने १९६८ मध्ये जुनी पोर्श ३५६ घेतली आणि तिच्या दौऱ्यांवर काम करणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सकडून ती नखशिखांत चित्रांनी रंगवून घेतली. तिच्या मृत्यूनंतर घरच्यांनी ती पुन्हा साधी करडी केली. पुढे नव्वदच्या दशकात ती चित्रं परत काढून घ्यावी लागली, आणि त्या रूपातच २०१५ मध्ये ती गाडी १७.६ लाख डॉलरला विकली गेली.

रंगवणं टळतच नसेल तर पेंटरला नुसता क्रमांक देऊन येऊ नका. एकाच क्रमांकाच्या, मिश्रणाच्या सूत्राप्रमाणे, वेगवेगळ्या छटा निघतात. मेटॅलिकमध्ये तर रंगात मिसळलेला अॅल्युमिनियमचा कण जाड की बारीक, यावरही सगळं बदलतं. डिकीतल्या उन्हाने न उडालेल्या जागेवर रंगछटा मोजायच्या यंत्राने रंग मोजून घ्या, छपरावर नको. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघा, वरून क्लिअरसकट. तो तुकडा ढगाळ उजेडात, भर उन्हात आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा मूळ रंगाशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला हिरवा बाहेर निळा निघतो. काम सुरू होण्याआधी डिकीच्या अस्तराखालचा तळहाताएवढा भाग चिकटपट्टीने झाकायला सांगा, तिथे नवा रंग नको. पसंत केलेल्या तुकड्यामागे सूत्र आणि तारीख लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे एखादं दार खरचटलं तर त्याच्यावरूनच रंग मिळवता येतो.