यार्ड आणि घरं यांच्यामधली पट्टी: जमीन अदलाबदलीचं काम कसं उभं करायचं

रेल्वेकडेच्या कुठल्या ना कुठल्या नगरातून कुणीतरी अधूनमधून सह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे येतं. रात्री शंटिंगचे हॉर्न, जनरेटरची घरघर, हायमास्टचा उजेड थेट झोपायच्या खोलीत. मागणी ठरलेली: "मॅडम, यार्ड इथून हलवायला सांगा की." मी महापालिकेच्या नगररचना विभागात आरेखक होते. माझी नोकरी नकाशे काढण्यात आणि दुसऱ्यांचे नकाशे तपासण्यात गेली, म्हणून पहिल्यांदाच सांगते: यार्ड हलत नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे. हुतात्मा आणि १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत इथून पहाटे-सकाळी सुटतात, सिद्धेश्वर रात्री सुटते. गाडी जिथं मुक्कामाला थांबते तिथंच ती झाडली, धुतली, तपासली जाणार. हलू शकतो तो यार्डाचा एखादा कोपरा. आणि तोही बदल्यात रेल्वेला उपयोगाची जमीन मिळाली तरच: घरांलगतचा पट्टा रेल्वेने सोडायचा आणि दुसरीकडची जमीन घ्यायची. ही अदलाबदल कशी करायची ते पुढे सांगते.

म्हणून सह्या बाजूला ठेवा आणि आधी आवाज कुठून येतो ते बघा. "यार्डातून येतो" हे उत्तर नाही. माझ्या शेजारचे अण्णा पिट लाईनवर फिटर होते, त्यांनी मला हे नीट समजावलं. पिट लाईन म्हणजे डब्यांखाली उतरून तपासणी करता यावी म्हणून रुळांमध्ये खोल चर असलेली लाईन. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा डबा साधारण २४ मीटरचा, म्हणजे चोवीस डब्यांच्या गाडीला जवळजवळ ५८० मीटर लांबी लागते. पण त्या अख्ख्या लांबीत सारखा आवाज नसतो. पॉवर कारचा, म्हणजे गाडीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, डिझेल जनरेटर गाडीच्या टोकाला असतो. ब्रेक तपासताना हवा सुटते तो फिस्सकारा थोडाच वेळ असतो. इंजिन जोडताना-सोडताना हॉर्न वाजतो तो रूळ बदलतात त्या सांध्यांपाशी. आठवडाभर रात्री गच्चीवर बसून कागदावर खुणा करा: किती वाजता, कुठल्या खांबापाशी, कसला आवाज. विजेच्या तारांच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो. मुंबईपासून सोलापूर ४५५ किलोमीटरच्या आसपास, तेव्हा आकडे त्याच घरातले दिसतील. "अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत" असं लिहिलेला अर्ज अभियंता वाचतो. "नागरिक त्रस्त" लिहिलेला अर्ज फाइलला लागतो, एवढंच.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. मोबाइलवरचं मोजमाप पुरावा म्हणून चालत नाही, पण कुठं लक्ष द्यायचं ते त्यातून कळतं.

या खुणांचा उपयोग पुढे जमिनीच्या हिशेबात होतो. एका जागी उभ्या असलेल्या यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे जनरेटर घरापासून १५ मीटरवर असेल तर तो ६० मीटरवर नेल्याने १२ डेसिबल कमी होतील. पण आधीच शंभर मीटरवर असलेल्या गोष्टीला आणखी तीस मीटर मागे ढकलून हाती काही लागत नाही. लोक सरसकट ६०० मीटर लांब, ३० मीटर रुंद पट्टा मागतात. तो होतो १८,००० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ८० आर. त्याऐवजी जिथं खरा त्रास आहे तिथं २०० मीटर लांबीत ५० मीटर रुंद पट्टा घ्या आणि उरलेल्या ४०० मीटरमध्ये फक्त १० मीटर. हिशेब येतो १४,००० चौरस मीटर. मागणी ४० आरांनी उतरली, आणि झोप जास्त मिळाली. फाइल मंजूर करणाऱ्याला हा फरक लगेच दिसतो.

जमिनीला हात घालण्याआधी एक प्रश्न मात्र विचारून घ्या: पिट लाईनवर ७५० व्होल्टचा पुरवठा आहे का? तो असेल आणि गाडी त्या पद्धतीची असेल, तर तपासणीच्या वेळी डिझेल जनरेटर चालवायची गरज पडत नाही. हायमास्टचे दिवे खाली वळवणं हेही तसंच. असल्या गोष्टींना जमीन लागत नाही, मंत्रालय लागत नाही. त्या मिळाल्या तर घ्या. पट्ट्याची मागणी त्यामुळे सोडावी लागत नाही.

आता मुख्य भाग. रेल्वेला काय हवंय ते शोधा. हे काम कुणीच करत नाही आणि तिथंच प्रस्ताव मरतात. रामवाडी, लिमयेवाडी, मोदी, दमाणी नगर, शहराच्या पोटातल्या या भागांत रेल्वेला रुंदी मिळत नाही. यार्डाला लांब, सरळ, सपाट जमीन लागते आणि ती रुळाला चिकटून लागते. चार किलोमीटरवरची चौकोनी पाच एकर जमीन तुम्हाला कितीही छान वाटली तरी तिचं ते काय करणार? त्यामुळे शोध रुळाच्या पलीकडच्या बाजूला घ्या, नाहीतर बाळे किंवा टिकेकरवाडीकडे, रुळालगत. पोचरस्ता बघा. नाला आडवा येतो का बघा. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर रूळ टाकायचे तर माती काढून मुरूम भरावा लागतो. तो खर्च कुणाच्या अंगावर, हे पहिल्या बैठकीतच निघेल, म्हणून आधी दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहून ठेवा.

जमीन कोणाची, यावर पुढचा मार्ग ठरतो.

महापालिकेची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागतं. आयुक्त एकट्याच्या सहीने ती देऊ शकत नाहीत, सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी आणि मोबदला बाजारमूल्यापेक्षा कमी चालत नाही. सरकारी असेल तर कलेक्टर कचेरी आणि महसूल विभाग. खासगी शेतकऱ्याची असेल तर सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग १, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी असेल तर सोपं. वर्ग २ असेल, वतन किंवा इनामाची असेल, किंवा इतर हक्कात कूळकायद्याच्या कलम ४३ ची नोंद असेल, तर अदलाबदलीलाही परवानगी किंवा नजराणा (सरकारला भरायची रक्कम), जे लागू असेल ते आधी. "विक्री थोडीच करतोय, बदली करतोय" हा युक्तिवाद तिथं चालत नाही, कारण त्या कलमात अदलाबदलीचा शब्द लिहिलेलाच आहे. देवस्थानची जमीन असेल तर दुसरी शोधा.

आणखी एक जमीन लोक हमखास पुढे करतात, ती म्हणजे ले-आउटमधली खुली जागा. "मॅडम, आमची ओपन स्पेस पडूनच आहे, ती देऊन टाकू." देऊ नका. ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी मंजूर नकाशात सोडलेली असते. ती गेली की पट्टा मिळाला तरी पोरांना खेळायला जागा उरत नाही, आणि एखादा प्लॉटधारक कोर्टात गेला तर सगळंच अडकतं.

मालकीचा वाद असलेल्या जमिनीचं काय होतं याचं उदाहरण मुंबईत आहे. आरेतली मेट्रो कारशेड कांजूरमार्गला न्यायचं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ठरलं, तिथली १०२ एकर जमीन दिली गेली. त्या जमिनीवर केंद्राच्या मिठागर खात्याने हक्क सांगितला आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवलं. २०२२ मध्ये कारशेड परत आरेत. जागा चांगली की वाईट यावर लोक भांडत बसले, पण काम थांबलं ते मालकीवर. तेव्हा पहिला खर्च वकिलावर करा, त्याच्याकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. फ्लेक्स नंतर छापता येतील.

मग मोजणी. या कामात माझा जीव जास्त रमतो, तेव्हा थोडं सहन करा. रेल्वेची हद्द म्हणजे भिंत किंवा तारेचं कुंपण नव्हे. कुंपण बऱ्याचदा सोयीने घातलेलं असतं, कधी आत, कधी बाहेर. खरी हद्द रेल्वेच्या लँड प्लॅनवर असते आणि जमिनीवर हद्दीच्या दगडांनी दाखवलेली असते. त्यातले काही दगड कुणाच्या तरी पायरीला लागलेले सापडतात. माहिती अधिकारात १० रुपये भरून लँड प्लॅनची प्रत मागा, खांब क्रमांक देऊन. यार्डाच्या आतल्या रचनेचा नकाशा मागू नका, तो द्यायला ते कचरतात आणि तुम्हाला तो लागतही नाही. भूमी अभिलेखाकडून गावनकाशा, गटाचा नकाशा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक घ्या. राज्य सरकारच्या कार्यालयात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा, हे ध्यानात असू द्या.

हे दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. कधीच बसत नाहीत. रेल्वे इथं १८६० च्या सुमारास आली, तेव्हाच्या संपादनानंतर काही ठिकाणी कमी-जास्त पत्रक (बदललेलं क्षेत्र नोंदवणारा कागद) झालंच नाही आणि सातबाऱ्यावर जुन्याच नावाचे वारस चालत आले. म्हणून संयुक्त मोजणी मागा: भूमी अभिलेखचा भूकरमापक, रेल्वेच्या बांधकाम शाखेचा अभियंता, महापालिकेचा माणूस, तिघेही एकाच दिवशी जागेवर. मोजणीच्या दिवशी तुमची म्हातारी माणसं तिथं बोलवा. "इथं पूर्वी ओढ्याकडं जाणारी वाट होती" असं एक वाक्य कधीकधी यंत्रापेक्षा जास्त काम करतं. पंचनाम्यावर तिन्ही सह्या झाल्याशिवाय कुणाला चहाला सोडू नका.

या मोजणीत पट्ट्यावर राहणारी माणसं निघतील. रुळाकडेला झोपड्या आहेत, त्यांतल्या बायका विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर जातात. त्यांच्या झोपड्या रिकाम्या करून तुमची झाडं लावायची असतील तर त्या कामात मी नाही. शिवाय व्यवहारानेही ते परवडत नाही, कारण सार्वजनिक जागेवरून हटवण्याचा १९७१ चा कायदा रेल्वेच्या हातात आहे आणि तुमच्या प्रस्तावाने त्याला निमित्त मिळतं. पट्टा वळवा, अरुंद करा, नाहीतर त्यांच्या घरांची जागा त्याच अदलाबदलीत धरा, कामापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

मूल्याचा हिशेब सरळ आहे. समान क्षेत्र कुणी बघत नाही, समान मूल्य बघतात. शहरातली १ हेक्टर ४० आर आणि टिकेकरवाडीकडची तेवढीच जमीन यांत रेडी रेकनरने, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरतक्त्याने, मोठा फरक येतो, म्हणून तिकडची जास्त द्यावी लागते किंवा फरक पैशात भरावा लागतो. दोन्ही जमिनींचे दर एकाच वर्षाच्या तक्त्यातले घ्या. खासगी पक्ष असेल तर अदलाबदलीचा दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्क दोघांपैकी जास्त मूल्याच्या मालमत्तेवर, खरेदीखताच्या दराने. २०२३ ची सलोखा योजना, हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणीची, इथं लागू होत नाही. ती दोन शेतकऱ्यांचा शेतजमिनीचा ताबा किमान १२ वर्षं अदलाबदल झालेला असेल त्यांच्यासाठी आहे. कुणी एजंट तिच्या नावावर पैसे मागत असेल तर देऊ नका.

फाइल रेल्वेत बांधकाम शाखेकडून विभागीय अभियंता, मग डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक), मग मुंबईचं मुख्यालय, शेवटी रेल्वे बोर्ड अशी चढते. जमीन कायमची द्यायची तर विभागात निर्णय होत नाही, त्यामुळे डीआरएम साहेबांच्या दारात धरणं धरून काही होणार नाही. त्यांच्याकडून एकच गोष्ट मिळवायची: "ही जमीन यार्डाच्या पुढच्या गरजेला लागणार नाही आणि बदलीची जमीन उपयोगाची आहे" असा शेरा. तो अनुकूल असला की वर खासदाराच्या पत्राला वजन येतं. आधी पत्र आणि मागून प्रतिकूल शेरा, असं झालं की संपलं.

महापालिकेकडून विकास आराखड्यात बदल करून घ्यायला विसरू नका. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते, महिनाभर हरकती घेतात, मग शासन मंजुरी देतं. पट्टा "हरित पट्टा, बांधकामास मनाई" म्हणून आराखड्यात आणि मालमत्ता पत्रकावर यायला हवा. नुसती जमीन महापालिकेच्या नावे झाली तर काही वर्षांत तिथं वाहनतळ नाहीतर कचऱ्याचं हस्तांतर केंद्र येतं. मी असे "मोकळे भूखंड" स्वतःच्या हाताने रंगवलेत, कशाकशाला गेले ते मला माहीत आहे.

पट्ट्यात काय करायचं? नुसत्या झाडांनी आवाज फारसा अडत नाही, झाडं धूळ आणि दिव्यांची झगमग अडवतात. आवाजाला आडवा, सलग, जड अडथळा लागतो आणि तो यंत्राच्या जवळ जास्त चालतो. नव्या जागेवर काढलेली माती इथं आणून लांब बांध घाला, दोन्ही कामं होतात. भिंत बांधणार असाल तर पाया मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीत ठेवलात तर तिसऱ्या उन्हाळ्यात भेगा. घरांच्या बाजूला कडुनिंब, करंज, चिंच. रुळावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, म्हणून उंच झाडं त्या बाजूला नकोत. पाणी कुठलं घालणार ते आधी ठरवा. ज्या शहरात नळाला पाणी दिवसाआड सोडा, चार-चार दिवसांनी येतं, तिथं टँकरच्या भरवशावर झाड जगत नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जोडणी अंदाजपत्रकातच टाका, आणि रेल्वेच्या बाजूला चार मीटरची देखभालीची वाट सोडा. फाटकाची एक किल्ली वॉर्ड ऑफिसात, दुसरी रेल्वेच्या बांधकाम शाखेत. सोसायटीच्या अध्यक्षाकडे नको.