पोलीस कारभारासाठी नागरिक सल्लागार समिती : सांगलीत ती कशी उभी करावी

सांगलीत पोलीस आणि नागरिक एका टेबलाशी बसतात ते बहुधा गणेशोत्सव, मोहरम किंवा निवडणुकीच्या तोंडावर होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीत. मिरवणुकीचा मार्ग, बंदोबस्त आणि ध्वनिक्षेपकाची वेळ ठरते, चहा होतो आणि पुढच्या सणापर्यंत विषय मिटतो. २००९ साली मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवरून दंगल उसळली होती, त्यामुळे या बैठकांची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र रात्रीची गस्त कोणत्या उपनगरात पोहोचत नाही, फिर्याद घेण्याऐवजी साध्या अर्जावर बोळवण का होते, असे प्रश्न तेथे निघत नाहीत. त्यासाठी वर्षभर चालणारी वेगळी समिती हवी.

अशा समितीला कायद्याने अधिकार दिलेले नाहीत, म्हणून तिने काय करायचे नाही हे सर्वांत आधी लिहून काढावे. कोणत्याही चालू गुन्ह्याच्या तपासाबद्दल समिती बोलणार नाही, दोन पक्षांत तडजोड घडवणार नाही आणि कोणाच्या सुटकेसाठी ठाण्यात फोन करणार नाही, अशी तीन वाक्ये पहिल्या ठरावात असावीत. विशिष्ट पोलिसाविरुद्ध तक्रार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांवरील २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर आणि राज्याच्या २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर पोलीस तक्रार प्राधिकरणाची वाट उपलब्ध आहे. ही प्राधिकरणे महसूल विभागवार असतात आणि सांगली जिल्हा पुणे महसूल विभागात येतो, हे तक्रारदाराला सांगून समितीने बाजूला व्हावे.

हा संयम पाळणे वाटते तितके सोपे नाही. २०१७ साली सांगलीत पोलीस कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांनाच अटक झाली; अशा वेळी समितीनेच चौकशी करावी, असा आग्रह लोक धरतील. चौकशी तिचे काम नाही, पण कोठडीतील कॅमेऱ्यांबद्दल विचारणे नक्कीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा, चित्रीकरण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आणि देखरेखीसाठी जिल्हा समिती नेमण्याचा आदेश दिला आहे. त्या जिल्हा समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, आपल्या हद्दीतील किती कॅमेरे आज बंद आहेत आणि दुरुस्तीची मागणी कोणत्या तारखेला गेली, असे तीन नेमके प्रश्न एका लांबलचक निषेधपत्रापेक्षा अधिक काम करतात.

सदस्य अकरा ते तेरा पुरेत. शांतता समितीतील तीच ती मंडळी येथेही येणार असतील, तर नवी समिती काढण्यात अर्थ नाही. राजकीय पक्षांचे पदाधिकारी, ज्यांच्यावर फौजदारी खटले चालू आहेत असे लोक आणि ज्यांचा धंदा पोलिसांच्या परवान्यावर किंवा ना-हरकतीवर चालतो असे व्यावसायिक यांना घेऊ नये. त्याऐवजी मार्केट यार्डातील हमाल, मिरजेच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कामगार, महाविद्यालयातील शिक्षिका यांना विचारावे. ज्या वस्त्यांवर संशयावरून पोलीस वारंवार जातात, तेथील, विशेषतः पारधी समाजातील, किमान दोन माणसे असलीच पाहिजेत; पोलिसी वागणुकीचा रोजचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला असेल? बैठक ठाण्यात घेऊ नये, महापालिकेच्या शाळेत घ्यावी. ठाण्याच्या आवारात पुष्कळ स्त्रिया तोंड उघडत नाहीत.

पोलीस अधीक्षकांना पहिले पत्र देताना पहिल्या ठरावाची प्रत जोडावी आणि ते विश्रामबागच्या कार्यालयातील आवक-जावक शाखेत द्यावे. ‘साहेबांना भेटूनच द्या’ असे कोणी सुचवले, तरी आधी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा, मग खुशाल भेटावे. पत्रात मागणी एकच असावी : दर तीन महिन्यांनी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने बैठकीला यावे आणि मागील प्रश्नांची लेखी उत्तरे आणावीत. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. पीडितांची नावे मात्र कधीही मागू नयेत.

पहिला विषय असा निवडावा की ज्यात पोलिसांनाही उत्तर द्यावेसे वाटेल. तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाचा माल उचलून व्यापारी पसार होतो, बागायतदार ठाण्यात जातो आणि ‘ही दिवाणी बाब आहे’ हे ऐकून परततो. येथे समितीने एकट्या शेतकऱ्याचे प्रकरण न मांडता, हंगामापूर्वी बाहेरच्या व्यापाऱ्यांची ओळखपत्रे आणि पत्ते ठाण्यात नोंदवावेत, तसेच फसवणुकीची फिर्याद नाकारली तर कारण लेखी द्यावे, असा सल्ला द्यावा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही आणि ठाण्याने नकार दिल्यास अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते, याचाही त्यात उल्लेख करावा.

इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी लिहावे आणि त्यात विचारलेला प्रश्न, मिळालेले उत्तर व बाकी राहिलेले काम एवढेच नोंदवावे, भाषणे वगळावीत. अधिकाऱ्याचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा असतो आणि अनेकदा बदली त्याआधीच होते, तेव्हा तोंडी दिलेली आश्वासने त्याच्याबरोबर जातात. म्हणून नवे अधीक्षक रुजू होताच पुष्पगुच्छाऐवजी अनुत्तरित प्रश्नांची यादी, जुन्या आवक क्रमांकांसह, त्यांच्या कार्यालयात द्यावी आणि पुढील बैठकीची तारीख लेखी मागून घ्यावी.