कोलाम पोडावर रक्तदाब कसा मोजावा

सडपातळ, राबणाऱ्या माणसाला बीपी होत नाही, हा समज यवतमाळ जिल्ह्यात शिकलेल्यांकडूनही ऐकावा लागतो. मीठ, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), बिडी, दारू आणि वाढते वय रक्तदाब वाढवतात, आणि वाढलेला रक्तदाब काही न दुखवता हृदयविकाराकडे व पक्षाघाताकडे नेतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, दुपारी कोणी सापडत नाही, म्हणून पहाटे किंवा दिवेलागणीला जावे. तिशी ओलांडलेल्यांची यादी आशाताईंकडे असते. कोलामी बोलणारे कोणीतरी सोबत घ्यावे.

मोजण्याआधी अर्धा तास खर्रा, बिडी, चहा नको. लघवीला जाऊन यायला सांगावे. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, पावले जमिनीला टेकवून, पाच मिनिटे न बोलता बसवावे. उकिडवे बसलेल्याचे माप घेऊ नये.

आता दंडाला गुंडाळायचा, हवा भरणारा पट्टा. सगळी गडबड येथे होते आणि मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त छळले. यंत्रासोबत बहुधा 27 ते 34 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठीचा पट्टा येतो, पण पोडावरच्या कित्येक बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे दंड त्याहून बारीक असतात. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणजे 140 च्या पुढचा रक्तदाब 140 च्या आत दिसतो आणि ज्याला गोळी हवी तोच ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो. पट्टा जास्त आवळून बांधावा, हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. तो निरुपयोगी आहे, कारण आवळल्याने पट्ट्याची रुंदी बदलत नाही. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजावा आणि 22 ते 26 भरला तर लहान पट्टाच वापरावा. यंत्रावर छापलेला घेर वेगळा असेल, तर तोच प्रमाण मानावा. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली तरी ती दंडाला आवळते. आडोसा करून हात मोकळा करून घ्यावा. दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला असावा, कारण लोंबत्या हाताचा आकडा उगाच वाढतो.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी कार्डावर लिहावी. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 अथवा त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. वरचा 180 च्या किंवा खालचा 120 च्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सोबत छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर 108 ला फोन करावा.

पुढचे काम उपकेंद्राचे आहे. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष सपाट भागातल्या 30,000 पेक्षा उदार खरा, पण पोडावरून तिथवर जायला वाहन मिळतेच असे नाही. त्यामुळे मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यांना निघण्यापूर्वीच पुरेशा गोळ्या मागून द्याव्यात, आणि लहान पट्ट्याची मागणी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी.