स्पेक्ट्रमच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या? आधी व्होल्टेज मोजा

माळ्यावरचा झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के खाली काढला, टीव्हीला जोडला आणि चित्राच्या नावाने बोंब! हा सिंक्लेअर कंपनीचा १९८२चा ब्रिटिश संगणक. पुढे डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडेही विकला. सोल्डरिंग आयर्न लगेच तापवू नका. बिघाड चित्रात दिसला, तरी मूळ बऱ्याचदा वीजपुरवठ्यात असतं.

सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून. ९ व्होल्ट डीसी हवा, पण प्लगचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात. मूळ अ‍ॅडॉप्टरवर लोड नसताना १२-१३ व्होल्ट दिसले तर दचकू नका, तो तसाच आहे.

आता खालचे पाच स्क्रू काढा. कीबोर्डच्या दोन चपट्या पट्ट्या सरळ वर ओढा, वाकवू नका. इतक्या वर्षांत त्या पापडासारख्या झालेल्या असतात. माझी एक टोकाला मोडलीच. तेवढं टोक कात्रीने कापून पट्टी पुन्हा बसवली, तेव्हा कुठे निभावलं.

मग मल्टिमीटर घ्या. काळा प्रोब मॉड्युलेटरच्या, म्हणजे टीव्हीची वायर लागते त्या पत्र्याच्या डबीवर टेकवा. लाल प्रोब ४११६ या रॅम चिपवर. या चिपची गंमत अशी की सगळा वीजपुरवठा चार कोपऱ्यांत आहे. खाच वर धरली, तर वर डावीकडे उणे ५, खाली डावीकडे १२, खाली उजवीकडे ५, वर उजवीकडे शून्य. प्रोब घसरू देऊ नका. दोन पिना क्षणभर जरी जोडल्या गेल्या, तरी चिप जाऊ शकते.

५ व्होल्टच नसेल, तर ते ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर तपासा. ५ आहे, पण १२ आणि उणे ५ गायब? मग पहिला संशय टीआर४ या झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टरवर, आणि शेजारची कॉइल काळवंडली असेल तर तिच्यावरही. चालू मशीनला मागून काही जोडलं की हा ट्रान्झिस्टर हमखास जातो. उणे ५ नसताना मशीन चालू ठेवू नका, रॅम मरते. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर याच वेळी बदलून टाका.

व्होल्टेज ठीक, पडद्यावर रंगीत चौकोन किंवा पट्टे? मग व्हिडिओ चालू आहे, रॅम बघा. मुंग्याच असतील, तर टीव्ही यूएचएफ चॅनल ३६वर लावून पाहा. नव्या टीव्हीत बऱ्याचदा अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसतो, म्हणून मी मॉड्युलेटर सरळ वगळून व्हिडिओ थेट टीव्हीला देतो.

डबीत दोन वायरी जातात. जिच्यावर स्थिर ५ व्होल्ट दिसतात ती वीज, दुसरी व्हिडिओ. मशीन बंद करून दोन्ही डबीपासून सोडवा. विजेच्या वायरीवर इन्सुलेशन चढवा. डबीच्या आत सॉकेटच्या मधल्या टोकाला जाणारा रेझिस्टरही सोडवा, आणि त्या टोकाला व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सोल्डर करा. कपॅसिटरची धन बाजू बोर्डाकडे. टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये केबल लावा.

सिंक्लेअरची १९८२ची ओळ उमटली, की बी दाबा (पडद्यावर 'बॉर्डर' असा अख्खा शब्द येतो), मग २, मग एंटर. कड लाल झाली पाहिजे. करडी झाली, तर आता रंगाचा सिग्नल बनवणारी एलएम१८८९ चिप आणि ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तपासायला घ्या.