पोछा मारण्याआधी फरशी ओळखा

पाण्यात काय घालायचं ते नंतर. आधी पायाखाली कोणती फरशी आहे ते पाहा. नागपूरच्या जुन्या घरांत शहाबादी, कोटा, मोझॅक, कुठे संगमरवर दिसतो; नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक व्हिट्रिफाइड टाइल्स. टाइल्स सोडल्या तर बाकी सगळ्यांत चुन्याचा अंश भरपूर. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांचं आम्ल तो खातं. गेलेली चमक मग पॉलिश केल्याशिवाय येत नाही.

ओळखता येत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकी पडली, तर आंबट काहीही वापरू नका. थेंब लगेच ओल्या फडक्याने पुसा.

रोजच्या सफाईला भांडी घासायचं लिक्विड पुरतं. आधी नीट झाडून घ्या, कारण उन्हाळ्यात घरात येणारी बारीक माती ओल्या कापडाखाली फरशी घासते. पाच लिटर कोमट पाण्यात लहान चमचाभर लिक्विड, कापड घट्ट पिळून पोछा, मग साध्या पाण्याचा दुसरा हात. खडे मीठ घालायची सवय असेल तर कोटा-शहाबादीवर टाळा. मीठ दगडात मुरून पांढरट थर वर येतो.

स्वयंपाकघरात तेलाचा चिकटपणा असेल तर पाच लिटर गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. हातमोजे घाला, पाच मिनिटं थांबा, पुसा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका: फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात.

कूलरखालचे पांढरे डाग म्हणजे जड पाण्यातला क्षार. टाइल्सवर व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं लावून दहा मिनिटांनी धुवा. सांध्यांत सिमेंट असतं, त्यामुळे जास्त वेळ ठेवू नका. कोट्यावर हा उपाय नको. क्षार आणि दगड मुळात एकाच जातीचे, आम्ल दोन्ही खाणार. तिथे ओलं फडकं तासभर ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडा. हिवाळ्यात संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवून क्लीनर करतात, वासही सुरेख येतो; पण तोही टाइल्सपुरताच.

सगळ्यात महत्त्वाचं: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियावाला क्लीनरही ब्लीचमध्ये मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतो. चुकून मिसळलं आणि घसा-डोळे चुरचुरू लागले, तर पुसत बसू नका. मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, वाटेतली दारं-खिडक्या उघडी टाका. खोकला किंवा दम लागणं थांबलं नाही तर लगेच दवाखाना गाठा.